चोराच्या सावलीची साठ पानं

आमच्या लोणावळ्यात ज्येष्ठात गेलेली सावली भाद्रपदाशिवाय परत येत नाही. तोवर माणसाच्या पायाशी नुसता चिखल. अशा गावात, भर आषाढात, मला काम मिळालं ते सावल्या काढायचं. ह्याला नशीब म्हणायचं की चेष्टा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि डोक्याने गरम होते. वय गेलं, डोकं तसंच आहे. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेले. एका शाळेत दीड वर्ष बदलीवर शिकवलं, मग मूळच्या बाई बाळंतपणाहून परत आल्या आणि मी घरी. तेव्हापासून 'येथे थुंकू नये' अशा पाट्या रंगवत होते. लोक पाटी वाचायचे आणि नेमके तिच्यावरच थुंकायचे, त्यामुळे ते काम वरचेवर निघायचं. घरात मी आणि माझे वडील, आबा. आई लहानपणीच गेली. आबा रेल्वेत गँगमन होते, बोरघाटात जन्मभर रूळ ठोकून नुकतेच निवृत्त झालेले. बाजारामागे एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, आणि ती खोली पावसाळ्यात तिसऱ्या माणसासारखी सतत खोकायची.

बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत शेवटी एका शेठचं दुकान होतं. पाऊस बघायला येणाऱ्या मुंबईकरांना आणखी काय दाखवता येईल, ह्या विचाराने शेठना रात्रंदिवस पछाडलेलं. त्या वर्षी त्यांनी मुंबईहून एक पेटी आणली. कपाटाएवढी, पुढे काच. आत एक लाकडी रूळ आणि त्याला पुठ्ठ्याची साठ पानं खोचलेली. दहा पैसे टाकून डाव्या हाताने दांडा फिरवायचा. पानं फटाफट पडायची आणि काचेत एक पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला चोर पळायला लागायचा. पळत पळत तो एका हवालदारासमोरून जायचा. हवालदार साठही पानांवर एकाच जागी पोट पुढे काढून उभा. चोर त्याच्या पुढ्यात आला रे आला की उजव्या हाताने खटका ओढायचा. वेळ साधली तर घंटी वाजायची आणि चिक्कीचा तुकडा मिळायचा. खेळाचं नाव 'चोर पकडा'.

चोर आणि हवालदार मुंबईच्या एका पेंटरने काढलेले. हात चांगला होता, उगाच का खोटं बोला. फक्त एक गोष्ट तो विसरला.

पेटी मांडली त्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाडीवरची एक मावशी करटुली विकून झाल्यावर पेटीपाशी आली. काचेला नाक लावून तिने दोनदा चोर पळवला आणि एकदम मागे सरली.

"अगं आई गं! ह्याला सावलीच न्हाई!"

"मावशी, चित्र आहे ते," शेठ म्हणाले.

"चित्र का आसंना. पाय जिमिनीला न्हाईत, सावली न्हाई. भूत हाय त्ये. आन् तुमी लोकांस्नी त्ये धराया लावताय? धरलं आन् संगं आलं म्हंजी?"

झालं. पुढच्या बाजाराला पेटीपुढे चिटपाखरू फिरकेना. तिसऱ्या बाजाराला पेटीवर कुणीतरी लिंबू ठेवून गेलं. मग दर मंगळवारी आणि शनिवारी लिंबं यायला लागली, बरोबर हळदकुंकू, एकदा तर अख्खा नारळ. शेठ लिंबांचं सरबत करून मुंबईकरांना विकायचे, पण तोंड सरबताहून आंबट. मुंबईकरही नाराजच. "हा चोर पळत नाही हो, तरंगतो," असं एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले ते शेठना फार लागलं.

म्हणून त्यांनी मला बोलावलं. "बाई, साठ सावल्या हव्यात. गोकुळाष्टमीला गर्दी असते, त्याआधी चोर जमिनीवर उतरला पाहिजे. उतरला तर पुढच्या दोन पेट्यांची सगळी चित्रं तुमची, पहिल्या पानापासून. नाही उतरला, तर मुंबईचा पेंटर आहेच."

दोन पेट्या म्हणजे दोन वर्षांचं काम, आणि तेही थुंकी न उडणारं. मी एका पायावर तयार झाले.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. चोराच्या पायाखाली एकेक काळा लांबट गोळा काढला. शेठनी दांडा फिरवला आणि ओरडले, "बाई, ह्याने शेणात पाय दिलाय!" आणखी चार वेळा फिरवल्यावर म्हणाले, "आणि आता ते शेण त्याच्या मागे पळतंय!" मी काचेतून पाहिलं. खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्यांदा मी सावली लांब काढली. शेठ म्हणाले, "ही चोराची सावली वाटत नाही. कुणाही सज्जन माणसाची असेल. हिला मिशा द्या."

"शेठ, सावलीला मिशा दिसत नसतात."

"मग चोर म्हणून ओळखायची कशी? बरं, बनियनवरचे पट्टे तरी?"

"पट्टेही दिसत नाहीत."

"तुमच्याकडे सावलीत दिसतं तरी काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पानं उचलली आणि घरी आले. आबा चुलीपुढे बसून पाय शेकत होते. त्यांना मी तासभर शेठचा आणि शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकवला. ते सगळं ऐकून आबा म्हणाले, "त्यो मिशाचं येड्यावानी बोलतोय. पन तुजी सावली बी खरी वाटंना गं. मानूस पळतंय येक आन् सावली दुसरंच करती."

खरं होतं ते. मी आठवून काढत होते, आणि माणसाची सावली पळताना नेमकं काय करते हे कुणाला आठवत असतं? ती डोळ्यासमोर पाहिजे. पण बाहेर धुकं असं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती, जी मीच रंगवली होती. घरात दिवसाढवळ्या बल्ब लावून बघितला. आबांची सावली भिंतीवर चढली, छतावर वाकली आणि तिथे डोकं टेकून थांबली. ती काढून घ्यावी म्हणून मी पेन्सिल उचलली तर वीज गेली. ती तिसऱ्या दिवशी आली. तोवर खोलीतल्या ओलीने पुठ्ठे फुगले आणि नऊ पानांवर बुरशी आली. गंमत म्हणजे त्यांतल्या एका पानावरची बुरशी माझ्या सावलीपेक्षा चांगली जमली होती. मी रडकुंडीला आले.

"सावली बगायची तर खाली जायाला पायजे," आबा म्हणाले. "हितं कुटं घावती? वडगावच्या अंगाला ऊन पडतं मदनं मदनं."

त्यांना रुळांची सगळी हवा पाठ होती. मग आम्ही बापलेक सावली शोधायला निघालो. सकाळची पॅसेंजर, एका पिशवीत कागद आणि फळी, दुसरीत भाकरी आणि चुन्याची पुडी. मळवलीला धुकं. कामशेतला पाऊस. वडगावला उतरलो तर तिथेही पाऊस, आणि लांब इंदुरीच्या बाजूला एवढं मोठं ऊन पडलेलं दिसत होतं की मला त्याच्यावर दगड मारावासा वाटला. दोन दिवस असेच गेले. तिकीट तपासणाऱ्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "रोज कुठे जाता हो तुम्ही?" आबा मान वर न करता म्हणाले, "उनाला." त्याने तिकिटांना भोकं पाडली आणि पुढे सरकला.

तिसऱ्या दिवशी ऊन सापडलं. श्रावण लागला होता. वडगाव स्टेशनाच्या बाहेर, एस्ट्या वळतात तिथे मोकळ्या जागेत, दहाच्या सुमाराला लख्ख उजाडलं. आबांच्या पायाशी सावली उगवली. मी आनंदाने ओरडलेच.

काम करायची रीत मी ठरवून ठेवली होती. आबांनी पळताना टाकतात तसं एक पाऊल टाकायचं आणि तसंच थांबायचं. मी सावलीच्या कडेने भुईवर चुन्याची रेघ मारायची, मग ती आकृती कागदावर उतरवायची. मग पुढचं पाऊल. पण श्रावणातलं ऊन कुणाच्या बापाचं नोकर नसतं. आबांनी एक पाय उचलला, हात पुढे केला आणि ढग आला.

"आबा, हलू नका! तसेच थांबा!"

आबा एका पायावर थांबले. रूळ ठोकणारं शरीर, ते थांबू शकायचं. पाच मिनिटं गेली असतील. एस्टीतून उतरलेली दोन माणसं त्यांच्याकडे बघत उभी राहिली. एक म्हातारी पुढे आली, आबांपुढे तिने केळं ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"किती दिस झालं बाबा हुभं हाईत?" तिने मला विचारलं.

"मावशी, आत्ताच उचललाय त्यांनी पाय."

"आसं म्हंत्यात सगळे शिष्य," ती म्हणाली आणि गेली.

ऊन परत आलं. आम्ही सहा पावलं केली. तेवढ्यात पांढऱ्या रेघा बघून लोक जमायला लागले. ते धरणाच्या मोजणीचे दिवस होते. मावळात भुईवर चुना टाकणारा माणूस दिसला की तो सरकारी आणि ती जमीन गेली, एवढं लहान पोरालाही कळायचं.

"बाई, कशाची मोजनी?" एकाने दबकत विचारलं.

"सावलीची," मी म्हणाले. माझं अर्धं लक्ष ढगांकडे.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "सावलीची बी घेत्यात आता?"

"म्हंजी आमच्या आंब्याची पल्याडच्या वावरात जाती ती कुनाच्या नावावर लागनार?" दुसरा म्हणाला. तिसरा धावत जाऊन सात-बाराचा उतारा घेऊन आला. आंब्याची सावली सकाळी त्याच्याकडे असते पण दुपारनंतर भावकीत जाते, तर नोंद सकाळची करावी, असा त्याने मला अर्ज केला. मी म्हणाले, अहो, हे खेळातल्या चोरासाठी आहे. "चोरासाटीच हाय, त्ये म्हाईती हाय आमाला," तो कडवट हसून म्हणाला, आणि उतारा माझ्या फळीवर ठेवून गेला.

आता माणसांचं कडं झालं होतं. मधे आबा. कड्याच्या आतल्या अंगाला एक पागोटेवाले म्हातारे दगडावर बसून फडक्यातली भाकरी खात होते, त्यांना मोजणीशी देणंघेणं नव्हतं. आबा त्यांच्या दिशेने येत होते. सातव्या पावलाला आबा जरा तिरपे झाले.

"आबा, सरळ चाला ना!"

"सरळच चालतोय की."

आठव्याला त्यांनी खांदा आत ओढला. नवव्याला पाऊल टाकायचं सोडून अर्धवट वळले. दहाव्याला अंग चोरून जवळजवळ खाली बसले, मग भलतीकडेच दोन पावलं जाऊन पुन्हा रेषेवर आले.

"अहो आबा, काय चाललंय? पळताय की फुगडी घालताय?"

"काड तू, काड. ऊन जाईल," ते म्हणाले.

ऊन जाणारच होतं. मी मुकाट्याने चुना मारत गेले, जे दिसलं ते उतरवत गेले. बारा पावलं झाली आणि पाऊस आला. चुना, सावल्या, मोजणी, सगळं वाहून गेलं. परतीच्या गाडीत आम्ही ते केळं अर्धं अर्धं खाल्लं. मी इतकी खुशीत होते की सात-बाराचा उतारा परत द्यायचा राहिला, हे घरी आल्यावर कळलं. तो पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवला.

त्या बारा आकृत्यांवरून मी साठ सावल्या केल्या. शेठच्या समाधानासाठी रंग थोडा जांभळा घेतला आणि कडा ब्रशने जरा टोकदार केल्या, म्हणजे मिशा नसल्या तरी मिशा असलेल्या माणसाची वाटावी. प्रत्येक पान शेगडीवर धरून सुकवलं. सुटं पान बघितलं तर सावली अगदी सावलीसारखी. सुट्या पानात काही कळत नाही, हे मी त्या पेटीकडून शिकले. फिरवल्याशिवाय कळत नाही.

शेठनी दांडा फिरवला. चोर पळायला लागला आणि, आहाहा, पाय जमिनीला लागले! भूत गेलं, माणूस आला. शेठ हसले. मग चोर हवालदाराजवळ पोचला, आणि शेठ फिरवायचे थांबले. पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं. पुन्हा थांबले.

"बाई," ते म्हणाले, "हे काय काढलंय तुम्ही?"

मी काचेला डोळा लावला. चोर छाती काढून सरळ धावत होता. सावली मात्र हवालदाराच्या बुटांपाशी येताच बिचकली, आखडली, खांदा चोरून बाजूला झाली, त्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि मग धावत येऊन चोराच्या पायाला चिकटली.

म्हणजे गेलं काम! पण शेठ खो खो हसायला लागले. शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, त्याने त्याच्या शेजारच्याला. संध्याकाळपर्यंत पेटीपुढे रांग. बाजारातला ड्युटीवरचा हवालदार आला. त्याने तीनदा फिरवून घेतलं आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "चोर सोडा, चोराची सावलीसुद्धा खात्याला वचकून असते, बघितलंत?" कुणी खटका ओढेचना. सगळे सावली बघायला फिरवत होते, त्यामुळे चिक्की वाटायची वेळच येत नव्हती. शेठच्या आनंदाला पारावार राहिला नाही. करटुलीवाली मावशी आली, तिने बघितलं, म्हणाली, "आता मानूस हाय. भ्याया लागला न्हवं, म्हंजी मानूस झाला." त्या दिवसापासून लिंबं बंद.

"पुढच्या दोन पेट्या तुमच्या," शेठ म्हणाले. "फक्त ह्या पानांना हात लावू नका. दर सोमवारी बुरशी पुसून, सुकवून द्या, बस्स."

घरी येऊन मी आबांना ओढतच घेऊन गेले. अहो, तुमच्या फुगडीने काम झालं, चला बघायला! रांगेत सगळ्यांना सांगत होते, हे माझे वडील, सावली ह्यांची आहे. लोक आबांना वाट करून देत होते. आबांनी दांडा धरला, सावकाश फिरवला. एकदा. दोनदा. मागचे लोक हसत होते, कारण त्यांना पुढे काय येणार ते पाठ झालं होतं. आबा हसले नाहीत. सहाव्यांदा फिरवून त्यांनी दांडा सोडला आणि दुकानाच्या पायरीवरून उतरून धुक्यात चालायला लागले. मी मागे धावले.

"काय झालं आबा?"

"त्यो मी हाय."

"तुम्हीच आहात. म्हणून तर दाखवलं."

"तसं न्हाई गं." ते थोडं चालले. "त्या दिशी म्हातारं भाकरी खात बसल्यालं. माजी सावली त्येच्या भाकरीवर जात हुती."

"मग?"

"मंग काय. मला म्हाईतच न्हाई मी वळलो ते. तू सरळ चाला म्हनलीस, मी सरळच चालतोय म्हनलो. खोटं बोललो न्हाई. मला सरळच वाटलं."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, जसं सुचेल तसं. ते पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या बापाने त्यांना गावच्या वाटेवर चालायला शिकवलं होतं. सकाळी समोरून कुणी आलं तर कुठल्या अंगाला व्हायचं, कलत्या उन्हाला कुठल्या. विहिरीपाशी कसं वाकायचं. कुणी जेवत असलं तर किती लांबून जायचं. दुसऱ्याच्या अंगावर आपली सावली पडता कामा नये. चुकलं तर तिथल्या तिथे छडी. "तू चित्रकला शिकलीस न्हवं, तशी मी सावली शिकलो," आबा म्हणाले. "पैल्या नंबरात पास."

आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. आबांनी घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते, कुणाला जोहार घालायचा नाही म्हणून पाळीने वाट्याला येणारी गावकीची कामं सोडली होती, एका साहेबाने जात काढली तेव्हा भर यार्डात त्याच्यावर हातोडा उगारला होता. माझा बाप कुणापुढे वाकताना मी पाहिला नव्हता. आणि मीच तो वाकवून, साठ पानांवर रंगवून, बाजारात मांडला होता, वर सगळ्यांना सांगत सुटले होते की हे माझे वडील. मला माझ्या हातांची लाज वाटली. रागही आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना, म्हणून मी रस्त्यातच रडायला लागले.

"रडती कशाला? तुजं काय चुकलं? दिसलं त्ये काडलंस," आबा म्हणाले. "दीक्षा मला दिली, पायांना द्यायची ऱ्हायली आसंल."

मी तशीच उलटी फिरले आणि शेठना गाठलं. म्हणाले, ती पानं मी बदलणार आहे.

"बाई, वेड लागलंय का? चालत्या गाडीला खीळ घालताय. लोक त्यासाठीच तर येतात."

"ते माझ्या वडिलांना हसतायत."

"चोराला हसतायत! त्यांना काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे."

शेठ माणूस वाईट नव्हते. पण धंदा तो धंदा. "हे बघा," ते म्हणाले, "एका पानाला जरी ब्रश लागला तरी पुढच्या दोन्ही पेट्या मुंबईच्या पेंटरकडे. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, र्‍हाऊ दे. काम मोठं आहे, हातचं घालवू नको, पन्नास पावसाळे तसा चाललोय, आणखी चार चालीन. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि ते नेहमीसारखे पाय शेकत बसले.

गोकुळाष्टमीच्या आधीचा सोमवार. ठरल्याप्रमाणे पानं सुकवायला घरी आली होती. मी ती शेगडीभोवती लावत होते. आबांनी त्यांतलं एक उचललं, तेच, जिथे सावली बुटांपाशी आखडते ते. बराच वेळ उलटसुलट करून बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "ही आशी न काडता... सरळ काडली तर कशी दिसंल गं?"

"सरळ म्हणजे?"

त्यांनी बोट ठेवलं, हवालदाराच्या पोटावर. "हितनं. त्येच्या अंगावरनं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग ब्रश उचलला. मी दोन पेट्यांचा विचार केला नाही असं नाही, केला. चांगला दोन मिनिटं केला, आणि मग पांढरा रंग कालवला. अकरा पानांवर आखडलेली सावली पुसली आणि नवी काढली. मॉडेलची गरज नव्हती. सरळ चालणाऱ्या माणसाची सावली काढायला फार अक्कल लागत नाही. ती बुटांवरून चढत गेली, पोटावरून, पट्ट्यावरून, मिशीवरून, आणि टोपीच्या वर गेली.

गोकुळाष्टमीला बाजारात मुंगीला वाट नव्हती. बंदोबस्ताचा तो हवालदार पेटीशेजारीच उभा होता, पाहुण्यांना सांगत होता, आता बघा हं, खात्याचा वचक बघा. आबांनी नवीन धोतर नेसलं होतं. ते सकाळीच येऊन रांगेत पहिले उभे राहिले होते. त्यांनी दहा पैसे टाकले आणि दांडा फिरवायला लागले.

चोर पळाला. हवालदाराजवळ आला. सावली थांबली नाही, वळली नाही, सरळ त्याच्या अंगावर चढली. शेठनी पाहिलं, आधी पेटीकडे, मग माझ्याकडे. माझं काम गेलं ते त्या क्षणी, तोंडाने सांगायची त्यांना गरज पडली नाही. "हे काय आता?" हवालदार म्हणाला.

चोर पळून जायला दोन-तीन पानं उरली होती. तिथे आबांनी दांडा थांबवला. काचेत हवालदार डोक्यापासून बुटांपर्यंत सावलीत उभा. मागून पोरं ओरडायला लागली. कुणी म्हणालं अडकलंय वाटतं, कुणी म्हणालं खटका ओढा की, चिक्की जाईल.

"आजोबा, फिरवा ना पुढे!" शेठ ओरडले. "रांग बघा केवढी आहे!"

"थांबा वाईच," आबा म्हणाले. "पडू द्या." आणि त्यांनी दांड्यावरचा हात काढला नाही.